चुकून जुहूला

विमानवेड्या मंडळींत एक यादी मोठ्या चवीने चघळली जाते: भलत्याच विमानतळावर उतरलेल्या विमानांची. तीत मुंबईच्या जुहूचा नंबर निदान दोनदा लागतो. १५ जुलै १९५३ रोजी बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट सांताक्रूझऐवजी जुहूला उतरले. एकोणीस वर्षांनी, २४ सप्टेंबर १९७२ रोजी, जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ने तेच केले. दोन्ही वेळा कुणाचा जीव गेला नाही, म्हणून हे किस्से हसून सोडून दिले जातात. पण या चुकांचे मूळ कॉकपिटात जेवढे आहे, तेवढेच मुंबईने आपले विमानतळ कसे आणि कुठे बांधले यातही आहे.

जुहूचे मैदान आधीचे, १९२८ सालचे. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणले, ते इथेच. त्यांचे पुस मॉथ म्हणजे एका इंजिनाचे, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवलेले चिमुकले विमान. त्याला समुद्राकाठची ती सखल जमीन पुरत असे. पावसाळ्यात मात्र तिथे पाणी साचे आणि टपालसेवेचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. पुढे विमाने जड झाली, त्यांना बारमाही आणि लांब धावपट्टी हवी झाली, आणि महायुद्धानंतर नागरी वाहतूक सांताक्रूझला गेली. जुने मैदान मोडले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. ते मोडले नाही. रेल्वेच्या पश्चिमेला जुनी धावपट्टी, पूर्वेला नवी, आणि दोन्हींचा रोख जवळपास एकच: जुहूच्या पट्टीचा क्रमांक ०८, सांताक्रूझच्या मुख्य पट्टीचा ०९. हे आकडे होकायंत्रावरची दिशा सांगतात; म्हणजे दोघींत फरक साधारण दहा अंशांचा. अरबी समुद्रावरून पूर्वेकडे तोंड करून येणाऱ्या वैमानिकाला किनारा ओलांडताच पहिली दिसते ती जुहूची पट्टी. खरी पट्टी आणखी दोन-अडीच किलोमीटरवर, जेटच्या उतरण्याच्या वेगाने अर्ध्या-पाऊण मिनिटावर.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: जुहूची धावपट्टी जेमतेम साडेअकराशे मीटरची, सांताक्रूझची तिच्या दुपटीहून मोठी; हा फरक वैमानिकाला दिसू नये? दिसायला हवा. त्यांचा दोष कुणी पुसू शकत नाही. पण हाच प्रकार लंडनलाही झाला. ऑक्टोबर १९६०मध्ये पॅन अमचे बोईंग ७०७ हीथ्रोऐवजी शेजारच्या नॉर्थोल्टच्या लष्करी तळावर उतरले. दोन्ही तळांच्या वाटेवर गॅसच्या प्रचंड टाक्या होत्या आणि आकाशातून त्या सारख्याच दिसत. त्यावर उपाय म्हणून टाक्यांवर मोठमोठी अक्षरे रंगवली गेली: एकीवर ‘एलएच’, दुसरीवर ‘एनओ’. वैमानिक नुसते बेपर्वा असते तर रंगाच्या डब्याने काय साधणार होते? निरनिराळ्या देशांचे, चांगले शिकलेले वैमानिक एकाच जागी फसतात, तेव्हा त्या जागेचीही चौकशी व्हायला हवी.

दुसरा आक्षेप हौशी मंडळींवरच असतो: यांना लोकांच्या अपघातांत गंमत वाटते. काहींना वाटतेही. शिवाय त्यांच्या याद्या डोळे झाकून मानाव्यात अशा नाहीत. जुहूच्या यादीत २८ मे १९६८च्या गरुडा कंपनीच्या कॉन्व्हेअर ९९०चे नाव कधीकधी घुसडलेले आढळते, सगळे प्रवासी सुखरूप म्हणून. प्रत्यक्षात त्याच दिवशी गरुडाचे ते विमान मुंबईहून उड्डाण केल्यावर नालासोपाऱ्याजवळ कोसळले आणि त्यातले कुणीच वाचले नाही. इतकी ढोबळ चूकही सापडते ती तारीख, विमानाचा प्रकार आणि नोंदणी क्रमांक ताडून पाहणाऱ्या हौशी चिकटपणामुळेच. माणूस न मेलेली घटना वर्तमानपत्र दोन दिवसांत विसरते. धावपट्टी किती मीटरची होती, हे चिकटपणे जपतो तो हौशी माणूस.

तोच मग पुढचा प्रश्नही विचारतो: उतरलेले विमान परत गेले कसे? उतरताना थांबता आले की भागते, उडताना मात्र वेग घ्यायला लांबी लागते. आणि कॉमेट उड्डाणाच्या वेळी मुळातच नाजूक. मार्च १९५३मध्ये, म्हणजे चारच महिने आधी, कराचीला एक कॉमेट धावपट्टी सोडू न शकल्याने आपटले होते आणि त्यातले अकराही जण दगावले होते. जुहूचे कॉमेट नऊ दिवसांनी उडाले. जायचे होते शेजारीच, तेव्हा टाक्या भरण्याची गरज नव्हती. डीसी-८च्या नशिबी तेही नव्हते. पट्टी संपल्यावरही ते पुढे गेले, इतके मोडले की दुरुस्ती परवडेना, आणि पुन्हा कधी उडाले नाही. दहा वर्षांनी, १९८२मध्ये, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे. आर. डीं.नी त्या पहिल्या टपालफेरीची पन्नाशी साजरी करायला कराचीहून पुन्हा उड्डाण केले आणि त्याच जुहूला लेपर्ड मॉथ उतरवले.