चांदीपुरा तापाची गोष्ट

मुदखेड जंक्शनवर निजामाबादची गाडी धरली, की धर्माबाद, बासर करत आपण तेलंगणात पोचतो. तिकडं आपल्या सोयरिकी आहेत. २००३ च्या पावसाळ्यात त्याच मुलखातून एका तापाच्या बातम्या आल्या. तेव्हा तो भाग आंध्र प्रदेशात होता. करीमनगर, वरंगळकडची धडधाकट लेकरं एकाएकी तापानं फणफणायची, ओकायची, झटके यायचे, शुद्ध हरपायची. कित्येक लेकरं दवाखान्यात आणल्यावर एक-दोन दिवसांतच गेली. जून ते ऑगस्टमध्ये ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली. महाराष्ट्रातही रुग्ण सापडले.

हा मेंदूचा दाह, की मेंदूच्या रक्तवाहिनीचा झटका, यावर डॉक्टरांतही वाद झाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं नमुने तपासले आणि जुनंच नाव पुढं आलं : चांदीपुरा.

हे नाव नागपूरकडचं. १९६५ साली नागपुरात डेंगी-चिकुनगुन्याची साथ होती. भट्ट आणि रॉड्रिग्ज हे पुण्याचे शास्त्रज्ञ रुग्णांचं रक्त तपासत होते. दोन मोठ्या माणसांच्या रक्तात त्यांना वेगळाच विषाणू मिळाला. त्या दोघांना नुसता ताप होता, म्हणून विषाणू साधा वाटला. अडतीस वर्षांनी त्यानं लेकरांचे जीव घेतले, तेव्हा त्याचं खरं रूप कळलं.

मेंदूतला आजार इतक्या लवकर सगळं अंग कसं पाडतो, असा प्रश्न आम्हालाही पडला. काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. तो दाह. शरीराचे राखणदार तिथं लढत असतात. मेंदूतही असे राखणदार आहेत. विषाणू शिरला की ते सायटोकाईन नावाची रसायनं सोडतात. चांदीपुराची लागण केलेल्या उंदरांत ही रसायनं वाढलेली दिसली आहेत. ती रक्तात उतरली की निरोप अंगभर जातो : ताप चढतो, भूक मरते, हातपाय गळतात. २०२४ मध्ये अमेरिकेत, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी फळमाश्या आणि उंदरांवर दाखवलं, की स्नायूंना लागण नसतानाही मेंदूकडून आलेला असा निरोप त्यांची ताकद काढून घेतो. राखण करणारा दाह हाताबाहेर गेला, तर तोच घात करतो. त्यात मेंदू सुजला, तर कवटीत त्याला पसरायला जागा नसते.

म्हणून लेकरू ‘मलूल पडलंय, झोपू द्या’ म्हणून सोडू नका. ‘बाहेरचं झालंय’ म्हणून अंगारा लावण्यात, उतारा टाकण्यात रात्र गेली, तर वाचवण्याची वेळ निघून जाते. तापासोबत उलटी, झटका किंवा बरळणं दिसलं, की १०८ ला फोन करा. झटका आला तर लेकराला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, पाणी, कांदा काही घालू नका. या विषाणूवर लस नाही, खास औषधही नाही. पण झटके थांबवणं, श्वास सांभाळणं, मेंदूची सूज उतरवणं दवाखान्यात होऊ शकतं.

हा विषाणू पसरवते वाळूमाशी. डासापेक्षा लहान, गुणगुणत नाही, उडी मारल्यासारखी उडते. माळवदाच्या घरांतल्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातली ओल, शेणाचे ढीग ही तिची घरं. भेगा लिंपून घ्या, उकिरडा घरापासून लांब ठेवा, लेकरांना बारीक जाळीच्या मच्छरदाणीत निजवा. ग्रामपंचायतीकडं फवारणी मागा. तो आपला हक्क आहे.

२००७ मध्ये हा ताप नागपूर विभागात परत आला. २०२४ च्या जून ते ऑगस्टमध्ये देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, त्यातले बहुतेक गुजरातमधले. ८२ जण दगावले. ६४ जणांत चांदीपुरा सापडला.

साठ वर्षांपूर्वी नागपुरात सापडलेला हा ताप अजून आपल्या आसपास आहे. पहिला झटका बहुतेक वेळा आईच बघते. तिला हे माहीत असलं, तर लेकरू वेळेत दवाखान्यात पोचेल. तेव्हा हे आज शेजारणीला जरूर सांगा. भेटू पुढच्या भागात.