अंगातला व्हायरस, फोनमधला व्हायरस: ओळखतात कसा?

मी मोशीत राहतो आणि माझे बरेच मित्र चाकण एमआयडीसीत कामाला आहेत. दर आठ-पंधरा दिवसांनी कुणाचा तरी मेसेज येतोच: "गाडीचं चलान आलंय, सोबत एपीके फाइल आहे. स्कॅन केली, काही सापडलं नाही. टाकू का?" माझं उत्तर "नको". स्कॅनमध्ये काही न सापडूनही नको का, हे कळायचं तर व्हायरस मुळात ओळखतात कसा ते बघू. त्यासाठी आपल्याच शहराचं एक उदाहरण आहे.

५ डिसेंबर २०२१ रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या सहा जणांना ओमायक्रॉन झाल्याचं जाहीर झालं. नायजेरियाहून आलेले प्रवासी आणि त्यांचे इथले नातेवाईक. कोरोना आहे हे आरटीपीसीआरने सांगितलं होतं. पण तो ओमायक्रॉन आहे हे ठरायला वेगळी तपासणी लागली.

कारण आरटीपीसीआर अख्खा विषाणू बघतच नाही. कोरोनाचा जीनोम सुमारे ३० हजार अक्षरांचा. त्यातले मोजकेच ठरावीक तुकडे नमुन्यात आहेत का, एवढंच ती शोधते. तुकडा सापडला की प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती दुप्पट होतात. ३० फेऱ्यांत एकाचे जवळपास १०७ कोटी! म्हणून नाकातला कणभर विषाणूही पकडला जातो. अट एकच: कोणता तुकडा शोधायचा हे आधीच माहीत हवं. ओमायक्रॉनच्या सुरुवातीच्या रूपात एस जनुकातली काही अक्षरं गळालेली होती, त्यामुळे काही किटना तो तुकडा सापडेना. बाकीचे तुकडे जुळले म्हणून रिपोर्ट पॉझिटिव्हच आला. गंमत म्हणजे हे 'न सापडणं' हीच मग ओमायक्रॉनच्या संशयाची खूण ठरली. पक्कं मात्र जीनोम अक्षर-अक्षर वाचूनच करतात. आपल्या शहरातल्या त्या सहा जणांचं हे काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत झालं.

अँटिव्हायरसही तुकडाच शोधतो

पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांनी १९९० च्या दशकात क्विक हील उभं केलं, तेव्हा व्हायरस फ्लॉपीतून फिरायचे. पद्धत सरळ होती: व्हायरसच्या कोडमधला त्याच्यापुरता खास तुकडा शोधायचा आणि यादीत घालायचा. याला सिग्नेचर म्हणतात. अपडेट घ्या, अपडेट घ्या असं सॉफ्टवेअर मागे लागतं ते या यादीसाठी.

दुसरी खूण म्हणजे हॅश, फाइलचा बोटांचा ठसाच म्हणा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ठसा पूर्ण बदलतो. चलानवाले भामटे तेच ॲप थोडं बदलून पुन्हा पॅक करतात. आज सकाळी बनलेली फाइल दुपारी तुम्ही स्कॅन केली, तर ती कुठल्याच यादीत नसणार. तेव्हा "काही सापडलं नाही" याचा अर्थ "यादीतलं काही सापडलं नाही" इतकाच घ्यायचा. (नेमकं बोलायचं तर हा व्हायरस नाही, ट्रोजन आहे. तो स्वतःच्या प्रती काढत नाही, तुम्हीच त्याला आत घेता.)

यादीत नसेल तर?

मग वागणूक बघायची. प्रयोगशाळेत नमुना जिवंत पेशींवर सोडतात आणि काही दिवस सूक्ष्मदर्शकाखाली नजर ठेवतात. पेशी गोल होऊन मरायला लागल्या, तर आत काहीतरी आहे. २०२० मध्ये एनआयव्हीने कोरोना विषाणू असाच वेरो नावाच्या, माकडाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या पेशींमध्ये वाढवून वेगळा केला.

कॉम्प्युटरच्या जगात या काचेच्या बशीला सँडबॉक्स म्हणतात. बंदिस्त, खोट्या फोनमध्ये ॲप चालवायचं आणि ते काय करतंय ते बघायचं: एसएमएस वाचतंय का, ॲक्सेसिबिलिटी मागतंय का, डेटा कुठे पाठवतंय का. पण इथे दोघांतलं साम्य संपतं, असं मला वाटतं. खरा विषाणू आपण बशीत आहोत हे ओळखून गप्प बसत नाही. काही मालवेअर आधी तपासतात की हा खरा फोन आहे का, आणि नसेल तर शहाण्या मुलासारखे वागतात. कारण त्यांच्यामागे डोकं चालवणारा माणूस असतो.

तुमच्या हातात काय?

प्ले प्रोटेक्ट चालू ठेवा. शंका असेल तर फाइल व्हायरसटोटलवर टाका, तिथे एकाच वेळी अनेक अँटिव्हायरस ती बघतात. पण एकानेही लाल दाखवलं नाही तरी वागणुकीचा प्रश्न विचाराच: चलान दाखवणाऱ्या ॲपला माझे एसएमएस कशाला हवेत? ओटीपी तिथेच येतात ना! खरं चलान परिवहनच्या ई-चलान साइटवर गाडीचा नंबर टाकून दिसतं, त्याला एपीके लागत नाही.

आणि टाकून बसलाच असाल तर आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं आणि यूपीआय थांबवा, मग १९३० वर फोन करा. ॲप उडवायचं काम त्यानंतर.