मोहाचं तेल, पिशवीतलं तेल आणि आतडं

मंडळी, तेलाचा इतिहास म्हटलं की आपण घाण्यापासून सुरू करतो. आज आपण धडगावपासून सुरू करू. अक्राणी तालुक्याचं हे मुख्य गाव. आधी पश्चिम खानदेशात, १९६० नंतर धुळे जिल्ह्यात आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबारात. जिल्हे बदलले, डोंगर तोच राहिला.

या डोंगरात भिल्ल-पावरा घरांतलं जुनं तेल मोहाचं. चैत्रात फुलं वेचायची, पावसाच्या तोंडाशी फळांतल्या बिया. त्यांना कुणी टोळंबी म्हणतं, कुणी डोळी. फोडायच्या, वाळवायच्या, गाळायच्या. थंडीत हे तेल थिजतं, कारण त्यातली जवळपास निम्मी मेदाम्लं संपृक्त आहेत. पण ते खाल्लं जायचं बेतानं. सोबत ज्वारी-मक्याची भाकरी, उडीद-तूर, रानभाजी. ही सोबत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाहेरच्या जगात १९०२ मध्ये जर्मनीत नॉर्मान यांनी पातळ तेल घट्ट करण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. १९३७ मध्ये आपल्याकडे डालडा आला. पुढे रेशनचं पामतेल, मग पिशव्या. वनस्पती तुपातल्या ट्रान्स मेदावर दोन टक्क्यांची मर्यादा यायला २०२२ उजाडलं. म्हणजे डालड्यानंतर पंच्याऐंशी वर्षं!

आता आतड्याकडे येऊ. २०१२ मध्ये शिकागोच्या देवकोटा, चँग आणि सहकाऱ्यांनी उंदरांना तीन प्रकारचा मेद दिला: दुधाचा, डुकराच्या चरबीचा आणि चक्क आपल्या करडईचा. प्रमाण सारखंच. दुधाच्या मेदानं पित्ताची घडण बदलली, त्यात टॉरिन हा गंधकयुक्त घटक वाढला. त्यावर बायलोफिला नावाचा एरवी मूठभर असणारा जिवाणू माजला, आणि आतड्याला सूज आली. चरबी आणि करडईनं तसं झालं नाही. सूजही आली ती जनुकीय दोषामुळे आधीच सुजेकडे झुकलेल्या उंदरांना. ‘तूप वाईट, करडई चांगली’ असा निकाल यातून कुणी काढला, तर तो घाईचा. उंदीर आहे तो, आपण नाही. पण मेद किती, एवढंच विचारून भागत नाही, कुठला आणि कुणाला हेही विचारायला हवं, हे मात्र त्यातून दिसलं.

आणि ती सोबत! तंतुमय अन्नावर जगणारे जिवाणू ब्युटिरेट तयार करतात, त्यावर मोठ्या आतड्याचं अस्तर पोसतं. भाकरी-कडधान्य घटलं आणि तेल वाढलं, तर दोन्हीकडून तोटा.

तरीही आमचा एक आक्षेप आहे. शहरातला ‘तेल कमी करा’ हा सल्ला जसाच्या तसा सातपुड्यात नेऊ नये. तिथल्या कुपोषित मुलाच्या ताटात मेद कमीच असतो. आतड्याची सूज तिथेही येऊ शकते, पण वेगळ्या वाटेनं: दूषित पाणी पुन्हापुन्हा पोटात गेलं की आतड्याच्या रसांकुरांची उंची घटते, सूज टिकून राहते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. २०१५ च्या अमृत आहार योजनेत गरोदर-स्तनदा मातांना शेंगदाण्याचा लाडू ठेवला आहे, तो उगाच नाही. शिकागोचा उंदीर दाखवून त्या लाडवावर कुणी बोट ठेवलं, तर आम्ही आधी विचारू: पावसाळ्यात पाड्यावरचे लोक पाणी कुठलं पितात?