उसनी चाल

घोडा म्हटला की मराठी मनापुढे मोहिमा उभ्या राहतात. खोगीर, रिकीब, मांड, रपेट हे शब्द मराठीत रुळले ते स्वार आणि शिलेदारांच्या तोंडून. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र युरोपात या रणप्राण्याकडे एक अगदी निराळी कामगिरी आली. ज्याला स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नाही, अशा बालकाला पाठीवर घेऊन संथ पावलांनी चालण्याची ही कामगिरी होय.

या बालकांच्या व्याधीचा इतिहास लंडनपासून सुरू होतो. तेथील प्रसूतिशास्त्र मंडळापुढे १८६१ साली डॉ. विल्यम जॉन लिट्ल यांनी एक निबंध वाचला. लहानपणच्या दुखण्याने त्यांचे स्वतःचेच एक पाऊल वाकडे झाले होते, आणि १८३६ मध्ये हॅनोव्हर येथील शस्त्रक्रियेने ते सुधारले होते. अवघड बाळंतपण, अकाली जन्म, श्वास सुरू होण्यास लागलेला विलंब यांमुळे मेंदूला इजा होऊन मुलाचे हातपाय ताठरतात, असे त्यांनी प्रतिपादिले. पुढे मनोविश्लेषणाने विख्यात झालेल्या सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ मध्ये त्यावर मार्मिक शंका घेतली. अवघड बाळंतपण हेच गर्भावस्थेतील एखाद्या पूर्वीच्या बिघाडाचे लक्षण नसेल कशावरून? आज असे दिसते की, बहुतेक मुलांच्या बाबतीत इजा जन्मापूर्वीच झालेली असते. कित्येक मातांनी आणि सुइणींनी आयुष्यभर वाहिलेला दोषाचा भार त्यांचा नव्हताच! सेरेब्रल पाल्सी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात मेंदूची इजा वाढत नाही. पण ती भरूनही येत नाही. म्हणून उपचाराचा हेतू उरतो तो शरीराला शिकविण्याचा.

येथे घोडा आला तो एका डॅनिश स्त्रीमुळे. लिस हार्टेल या निष्णात अश्वारोहिणीला १९४४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, गरोदरपणातच पोलिओने गाठले. कन्या सुखरूप जन्मली. परंतु आईचे पाय गुडघ्यांखाली कायमचे लुळे पडले. त्यांनी खोगीर मात्र सोडले नाही. ड्रेसाज या अश्वकौशल्याच्या ऑलिंपिक स्पर्धेचे दार तोवर लष्करी अधिकाऱ्यांनाच खुले होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ते स्त्रियांनाही उघडले, आणि हार्टेल यांनी ज्युबिली या घोडीवरून रौप्यपदक जिंकले. घोडीवर चढण्या-उतरण्यासही त्यांना इतरांचा हात लागे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, तेही याच ऑलिंपिकमध्ये.

पोलिओ आणि सेरेब्रल पाल्सी हे विकार भिन्न. पहिल्यात मज्जारज्जूतील पेशी मरतात, दुसऱ्यात मूळ मेंदूत असते. त्यामुळे हार्टेल यांचे यश हा उपचाराचा पुरावा नव्हता. पण त्याने धीर दिला. नॉर्वेतील फिजिओथेरपिस्ट एल्सबेट बॉट्कर यांनी त्याच दशकात अपंग मुलांना तट्टांवर बसविण्यास आरंभ केला. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये यासाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड येथील उपचारकांनी त्याला शास्त्रशुद्ध घडण देऊन ‘हिप्पोथेरपी’ हे नाव रूढ केले. ग्रीक भाषेत ‘हिप्पोस’ म्हणजे घोडा.

यात मुलाला घोडेस्वारी शिकवीत नाहीत. लगाम मोतद्दाराच्या हाती असतो, दोन्ही बाजूंना आधारासाठी माणसे चालतात आणि उपचारक मुलाच्या बसण्यावर नजर ठेवतो. घोडा कदम चालीने चालू लागला की, मुलाची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि किंचित वळत अशी तिहेरी हलू लागते. चालणाऱ्या माणसाच्या कमरेची गती जवळजवळ अशीच असते. जो कधी चालला नाही, त्याच्या देहाला चालणे कसे असते याचा अनुभव असा उसना मिळतो. प्रत्येक पावलागणिक तोल किंचित ढळतो आणि पाठीचे स्नायू तो सावरतात. मांडीचे ताठर स्नायू रुंद पाठीवर हळूहळू सैलावतात. घोड्याच्या अंगाची सुमारे ३८ अंश सेल्सिअसची ऊबही त्यास साहाय्य करते, असे मानतात.

तथापि या उपचाराचा डांगोरा पिटणे मुलांच्या हिताचे नाही. झालेल्या अभ्यासांतून बसण्याचा तोल आणि स्थूल हालचाली यांत काहीशी सुधारणा आढळते. पण बरेचसे अभ्यास थोड्या मुलांवरचे आहेत, आणि लाभ किती टिकतो हे ठामपणे सांगता येत नाही. खुब्याचा सांधा निखळलेला असल्यास किंवा आकडी आटोक्यात नसल्यास हा उपचार धोक्याचा ठरतो. घोडा मेंदू दुरुस्त करीत नाही.

मग तो देतो तरी काय? घरी भिंतीला टेकवून बसवावे लागणारे मूल येथे चार पावले, मग चाळीस पावले, पाठ ताठ ठेवून बसते. एरवी वाकून त्याच्याशी बोलणाऱ्या माणसांना तेवढ्या वेळापुरती मान वर करून त्याच्याकडे पाहावे लागते.