ब्र्नो ते कामठी : एका बंदुकीचा आणि एका अधिकाराचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यातून मराठीत आलेल्या शब्दांपैकी 'ब्रेन गन' हा एक होय. देवनागरीत लिहिताना मेंदूचा वाचक असलेला इंग्रजी शब्द आणि हे नाव यांत काहीच भेद राहत नाही. त्यामुळे या बंदुकीचा बुद्धीशी काही संबंध असावा असा समज सहज होतो. वस्तुतः हे नाव दोन गावांच्या नावांतील आद्याक्षरे जोडून बनविलेले आहे. त्यातील 'ब्र' हा अंश चेकोस्लोव्हाकियातील ब्र्नो या नगराचा, आणि 'एन' हा अंश लंडनजवळील एनफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेचा. ब्र्नो या नावात रकार हाच स्वराचे कार्य करतो. संस्कृतातील ऋकाराचे मूळ उच्चारण ध्यानी घेतल्यास या नावाचा उच्चार मराठी वाचकास समजणे कठीण नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत एका लहान राष्ट्राने शस्त्रनिर्मितीत जे यश मिळविले, त्याची खूण या अर्ध्या शब्दात उरली आहे. ती बंदूक ज्या सैन्यांच्या हाती गेली त्यांत हिंदी सैन्य होते, आणि त्या सैन्यात महाराष्ट्र व विदर्भातील सैनिक होते. शस्त्र घडविण्याचे कौशल्य, शस्त्रांचा संग्रह आणि शस्त्र हाती धरण्याचा अधिकार या तीन गोष्टी परस्परांहून किती भिन्न आहेत, हे या बंदुकीच्या इतिहासावरून जसे स्पष्ट होते तसे क्वचितच अन्यत्र होत असेल.

मराठीतील शस्त्रवाचक शब्दांकडे पाहिले असता ते ज्या ज्या सत्तांशी महाराष्ट्राचा संबंध आला त्यांचा जणू अनुक्रमच सांगतात. 'तोफ' आणि 'तमंचा' तुर्की मूळाचे. 'बंदूक' अरबी-फारसीतून आलेला. 'काडतूस' आणि 'पिस्तूल' पोर्तुगीजांकडून मिळालेले. यांपैकी 'पिस्तूल' शब्दाचे आदिमूळ चेक भाषेतील 'पिश्त्याला', म्हणजे नळी किंवा पावा, या शब्दात आहे असे अनेक व्युत्पत्तिकार मानतात. इंग्रजीमार्गे आलेल्या 'हॉवित्झर' शब्दाविषयी तर फारसा मतभेदच नाही. पंधराव्या शतकातील हुसाइट युद्धांत चेक शेतकऱ्यांच्या सेनेने शत्रूच्या घोळक्यावर मारा करण्यासाठी जी आखूड तोफ वापरली तिला 'हौफ्नित्से' म्हणत. 'हौफ' म्हणजे जमाव. हा शब्द जर्मन भाषेत जाऊन तेथून युरोपभर पसरला. तात्पर्य, ब्रेन गन मराठीत येण्यापूर्वीच चेक लोहारांची भाषा दोन आडवाटांनी मराठीपर्यंत येऊन पोहोचली होती.

चेकोस्लोव्हाकियाचे प्रजासत्ताक २८ ऑक्टोबर १९१८ रोजी स्थापन झाले. १९३०च्या खानेसुमारीत त्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ४७ लाख होती. याच सुमारास, १९३१च्या गणनेनुसार, मध्यप्रांत व वऱ्हाड मिळून सुमारे १ कोटी ५५ लाख लोक राहत होते. म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होती त्या एका प्रांताएवढीही वस्ती या राष्ट्रात नव्हती. परंतु ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मोडलेल्या साम्राज्यातील उद्योगधंद्यांचा फार मोठा भाग याच भूमीत होता. पिल्सन येथील स्कोडाचा कारखाना पहिल्या महायुद्धात साम्राज्यास ३०५ मिलिमीटर व्यासाच्या प्रचंड तोफा पुरवीत असे. मोराव्हिया प्रांतातील ब्र्नो येथे साम्राज्याच्या जुन्या तोफशाळेच्या जागी १९१९ साली नवी शस्त्रशाळा उभी राहिली. तीच पुढे 'झ्ब्रोयोव्का' या नावाने जगास माहीत झाली. या शब्दाचा अर्थ शस्त्रशाळा एवढाच आहे. तिन्ही बाजूंनी मोठ्या शेजाऱ्यांनी वेढलेल्या राष्ट्राने आपल्या संरक्षणाचा प्रश्न प्रथम कारागिरीच्या बळावर सोडवू पाहिला, आणि त्या काळी ते स्वाभाविकच होते.

या शस्त्रशाळेचे सर्वांत यशस्वी फळ म्हणजे व्हाक्लाव्ह होलेक या रचनाकाराची हलकी मशीनगन. १९२६ साली ती चेकोस्लोव्हाक सैन्याने स्वीकारली. पहिल्या महायुद्धातील मशीनगन ही एक अवजड वस्तू होती. तिला तिवई लागे, नळी थंड ठेवण्यास पाणी लागे आणि वाहून नेण्यास अनेक माणसे लागत. पुढे धावणाऱ्या पायदळासोबत एका माणसास नेता येईल अशी बंदूक सर्वच सैन्यांना हवी होती. होलेक याच्या बंदुकीचे वजन नऊ-दहा किलोग्रॅमच्या आसपास होते. काडतुसातील दारू पेटून उत्पन्न झालेल्या वायूचा थोडा अंश नळीखालील दट्ट्यावर येई, दट्ट्या मागे जाई, रिकामे टरफल बाहेर पडे, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवे काडतूस नळीत बसे. काडतुसांची पेटी वरून लावलेली असल्यामुळे आडव्या पडलेल्या सैनिकास ती जमिनीस न अडखळता बदलता येई. सतत गोळीबाराने नळी तापली की एक कळ फिरवून ती काढावयाची व काही सेकंदांत दुसरी बसवावयाची. या साधेपणातच तिचे मोठेपण होते. चीन, युगोस्लाव्हिया, रुमानिया, इराण इत्यादी अनेक देशांनी ती विकत घेतली.

ब्रिटिश सैन्य या वेळी जुन्या लुईस गनच्या जागी नवी बंदूक शोधीत होते. १९३०च्या सुमारास सुरू झालेल्या चाचण्यांत ब्र्नोची बंदूक इतरांहून सरस ठरली. मात्र ती जशीच्या तशी घेता येण्यासारखी नव्हती. ब्रिटिश .३०३ काडतुसाच्या बुडास बाहेर आलेली कड होती. अशी काडतुसे एकावर एक रचली की ती आपोआप वाकत्या ओळीत बसतात, म्हणून पेटीस बाक द्यावा लागला. काडतुसातील कॉर्डाइट दारूमुळे वायूच्या मार्गाची जागाही बदलावी लागली. हे सर्व फेरफार ब्र्नोच्याच रचनाकारांनी केले. १९३५ साली परवान्याचा करार होऊन आराखडे इंग्लंडला गेले आणि सप्टेंबर १९३७ मध्ये एनफील्ड येथे पहिली बंदूक तयार झाली. हिंदुस्थान सरकारने मात्र तत्पूर्वीच, १९३३ साली, फ्रेंच मूळाची विकर्स-बर्थिए ही बंदूक निवडली होती व ती कलकत्त्याजवळील ईशापूर येथे तयार होत असे. दिसण्यात ती ब्रेनसारखीच, पेटीही तशीच वरून लावलेली. युद्धाच्या प्रारंभी हिंदी पलटणींत हीच बंदूक होती. पुढे युद्ध वाढत गेले तशी ब्रेन सर्वत्र आली.

ज्या राष्ट्राने ही बंदूक निर्माण केली त्याची कथा यापूर्वीच संपली होती. २३ सप्टेंबर १९३८ रोजी चेकोस्लोव्हाकियाने सर्व सैन्यास शस्त्रसज्ज होण्याचा आदेश दिला आणि दहा लाखांहून अधिक माणसे हजर झाली. सीमेवर किल्ल्यांची भक्कम रांग होती. परंतु २९ व ३० सप्टेंबर रोजी म्युनिक येथे जर्मनी, इटली, ब्रिटन व फ्रान्स यांनी त्या देशाचा सीमाप्रदेश जर्मनीस देण्याचे ठरविले. ज्याचा प्रदेश वाटला जात होता त्या राष्ट्राचा प्रतिनिधी त्या मेजावर नव्हता. प्रदेशासोबत किल्लेही गेले. १५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले. सशस्त्र प्रतिकाराची उल्लेखनीय घटना एकच घडली : आदल्या सायंकाळी मिस्टेक गावातील चायानेक छावणीत कॅप्टन कारेल पाव्हलिक याच्या तुकडीने काही काळ जर्मनांशी लढा दिला. त्यानंतर २८ एप्रिल १९३९ रोजी हिटलरने आपल्या भाषणात हाती आलेल्या सामग्रीची यादीच वाचली. तीत १,५८२ विमाने, ४६९ रणगाडे, २,१७५ तोफा, ४३,८७६ मशीनगन आणि १० लाख ९० हजार रायफली होत्या. आकडे विजेत्याच्या तोंडचे असल्याने त्यांत प्रौढीचा भाग गृहीत धरला, तरी संग्रहाचा विस्तार त्यांवरून ध्यानी येतो. दोन दशके जपून घडविलेली ही शस्त्रे बव्हंशी गोळी न झाडता परक्याच्या स्वाधीन झाली. त्यांत दोष शस्त्रांचा नव्हता, आणि हजर झालेल्या सैनिकांचाही नव्हता. शस्त्र उचलावे की नाही याचा निर्णय ज्यांच्या हाती गेला होता ते अन्यत्र बसले होते.

या हस्तांतराची भाषिक खूण विलक्षण आहे. जर्मन सैन्याने पकडलेल्या प्रत्येक परदेशी शस्त्राच्या नावापुढे कंसात एक लहान अक्षर लिहिण्याची पद्धत ठेवली होती. होलेकची मशीनगन अशा रीतीने 'एम.जी. २६ (टी)' झाली. त्यातील 'टी' हे 'चेक' या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर. 'टी' लावलेल्या चेक रणगाड्यांनी १९४० साली फ्रान्सवरील स्वारीत भाग घेतला. म्हणजे एकाच कारखान्याची बंदूक एका बाजूस ब्रिटिश व हिंदी सैन्याच्या आणि दुसऱ्या बाजूस जर्मन सैन्याच्या हाती होती. एका बाजूने निर्मात्या राष्ट्राचे नाव अर्ध्या शब्दात ठेवले, दुसरीने ते कंसात घातले.

या इतिहासाचे दुसरे टोक विदर्भात आहे. पारशिवनीच्या परिसरातून येणारी पेंच नदी कामठीजवळ कन्हानला मिळते. त्या कामठीस १८२१ पासून लष्करी छावणी आहे. या भागातील महार समाजाचे सैन्याशी असलेले नाते छावणीहून जुने होते. कंपनी सरकारच्या मुंबई सेनेत महार सैनिकांची संख्या मोठी होती, आणि १ जानेवारी १८१८च्या कोरेगावच्या लढाईतील स्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. तथापि १८९२च्या सुमारास, 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताचा आधार घेऊन, त्यांची भरती बंद करण्यात आली. गोपाळ बाबा वलंगकर आणि त्यांच्यामागून शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज केले. १९१७ साली युद्धाच्या निकडीत १११ वी महार पलटण उभारली गेली, पण १९२१ साली ती मोडण्यातही आली. ज्यांचे कर्तृत्व दगडावर कोरले होते त्यांनाच बंदूक नाकारली गेली. भरतीबंदीचा अर्थ केवळ नोकरी गेली इतकाच नव्हता. पगार, निवृत्तिवेतन, शिक्षण आणि गावात ताठ मानेने उभे राहण्याचा आधार यांचाही तो लोप होता. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या पुत्रास हे घरातच कळलेले होते. जुलै १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची संरक्षण सल्लागार मंडळावर नेमणूक झाली आणि त्यांनी महार पलटणीचा आग्रह धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी कामठीस उभारण्यात आली.

त्या काळच्या पायदळात सुमारे दहा जणांची तुकडी एका हलक्या मशीनगनभोवती रचलेली असे. एक सैनिक बंदूक चालवी, दुसरा पेट्या भरून देई व नळी बदली, आणि उरलेले रायफलधारी आपापल्या पाठीवर त्याच बंदुकीच्या पेट्या वाहून नेत. बंदूक एकाची नसून तुकडीची होती. ती थांबली तर सर्वांचेच पुढे सरकणे थांबे. अशा शस्त्राशेजारी कोणी पडून राहावे, पेटी कोणी कोणाच्या हातात द्यावी, हा ज्या समाजव्यवस्थेत जातीचा प्रश्न होता, त्या व्यवस्थेतून आलेल्या माणसांना या कवायतीने काय शिकविले असेल याची कल्पना करणे कठीण नाही. ऑक्टोबर १९४६ मध्ये महार रेजिमेंटचे रूपांतर मशीनगन रेजिमेंटमध्ये झाले व तिचे केंद्र कामठीस स्थापन झाले. तिच्या बिल्ल्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन विकर्स मशीनगन आणि कोरेगावचा स्तंभ होता. विकर्स ही तिवईवर ठेवावयाची अवजड बंदूक. ब्रेनचे कूळ तिच्याहून वेगळे. परंतु अर्ध्या शतकापूर्वी ज्यांना साधी रायफलही नाकारली गेली त्यांच्या ओळखीचे चिन्ह आता मशीनगन झाले होते. पुढे केंद्र सागर येथे गेले, स्तंभाच्या जागी कट्यार आली, आणि १९६३ साली रेजिमेंटच्या नावातील 'मशीनगन' हा शब्दही गेला.

ब्रेनचे आयुष्य याहून दीर्घ ठरले. भारतीय सैन्याने ७.६२ मिलिमीटरचे काडतूस स्वीकारल्यावर कानपूरच्या कारखान्यात ती त्या मापास अनुरूप करण्यात आली. या काडतुसास बाहेर आलेली कड नसल्याने पेटीचा बाक जवळजवळ नाहीसा झाला. सैनिकांच्या बोलण्यात तिचे नाव 'एल.एम.जी.' झाले आणि नावातला ब्र्नोचा उरलासुरला अंशही पुसला गेला. रचनेत मात्र होलेकची कल्पना तशीच राहिली.

एका राष्ट्रापाशी जगातील उत्तम शस्त्रे होती, पण ती उचलण्याचा निर्णय इतरांनी केला. एका समाजापाशी शस्त्र चालविण्याची सिद्ध झालेली योग्यता होती, पण त्यास शस्त्रापासून दूर ठेवण्याचा निर्णयही इतरांनीच केला. पहिल्यास कारागिरीने वाचविले नाही; दुसऱ्याने अर्ज, चळवळ आणि राजकीय प्रतिनिधित्व यांच्या बळावर आपला अधिकार परत मिळविला. म्हणून शस्त्रांच्या इतिहासात नळीचा व्यास आणि गोळ्यांचा वेग यांच्या नोंदीइतकीच दुसरी एक नोंद आवश्यक ठरते : ते शस्त्र हाती घेण्याचा निर्णय कोणाचा होता, आणि तो निर्णय करण्याच्या ठिकाणी कोणास बसू दिले नव्हते.