घर माझं, शेजारी कुणाचा?

मंडळी, भाड्याच्या घरांबद्दल आपण दोनच तक्रारी ऐकतो. भाडेकरू मालकाला नावं ठेवतो आणि मालक भाडेकरूला. तिसरा माणूस राहूनच जातो, तो म्हणजे शेजारी. तो ना भाडं देतो, ना घेतो, ना कुठल्या करारावर सही करतो. आणि तरीही तुमचं घर रिकामं करायची ताकद त्याच्याकडे असते!

आमचं सिडकोतलं घर आम्ही भाड्यानं देतो. मी पुण्यात असतो, आई-बाबाही माझ्याकडेच. दोन वर्षांत दोन कुटुंबं सोडून गेली. कारण एकच. शेजारी रात्री एक-दीडपर्यंत मोठ्यानं गाणी, आमच्या गेटसमोर आडव्या लावलेल्या गाड्या, आणि बोलायला गेलं की शिवीगाळ. तेव्हा प्रश्न पडला, आपल्या गावात असल्या शेजाऱ्याचा बंदोबस्त पूर्वी कोण करायचं? (इंजिनिअरची सवय, आधी रूट कॉज शोधायचा!) मग काही वीकेंड वाचण्यात घालवले.

आमचं औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचं अधिकृत छत्रपती संभाजीनगर, मुळात मलिक अंबरनं १६१० मध्ये वसवलेलं खडकी. पुढे औरंगजेबाच्या काळात त्याच्याभोवती पुरे वाढले. जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा ही नावं आपण रिक्षावाल्याला रोज सांगतो, पण ती मुळात एकेका सरदाराच्या वस्तीची नावं. वस्ती ज्याची, तो तिथल्या माणसांचा धनी. कुणी त्रास दिला तर कुणाच्या दारात जायचं, हे सगळ्यांना माहीत असायचं.

या सगळ्यावर कोतवाल. अबुल फजलच्या 'आइन-इ-अकबरी'त कोतवालाच्या कामांची यादीच आहे. घरांची नोंद ठेव, मोहल्ले पाड, प्रत्येक मोहल्ल्यावर एक माणूस नेम, आला-गेला कोण याची रोज खबर घे, शेजाऱ्यांकडून एकमेकांना मदत करण्याचं वचन घे. शिवाय मोहल्ल्यात एक गुप्त खबऱ्याही ठेव! म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी, वॉचमन आणि सीसीटीव्ही एकाच माणसाच्या हाताखाली. हे झाले नियम, प्रत्यक्षात ते कुठे किती पाळले जात असतील ती गोष्ट वेगळी.

पण त्याच यादीत आणखी एक कलम आहे आणि ते मला खटकलं. खाटीक, शिकारी, प्रेतांना आंघोळ घालणारे, झाडूवाले, यांना वेगळी वस्ती द्यावी. त्यांनी काय केलं म्हणून? काहीच नाही. ते कोण आहेत, एवढंच पुरे. वाईट शेजारी ओळखायची ही फार जुनी पद्धत, आणि ती संपलेली नाही. आजही भाडेकरू ठेवताना 'कोणते लोक आहेत?' असं विचारणारे मालक आहेतच की. हिंदू, मुसलमान, बौद्ध शेजारी-शेजारी राहतात अशा आमच्या शहरात तर हा प्रश्न फार लवकर तोंडात येतो. वेगळा शेजारी आणि त्रासदायक शेजारी या दोन गोष्टींची गल्लत इथूनच सुरू होते.

कायद्यानं ही गल्लत सोडवायचा प्रयत्न केला, हे मात्र मान्य करायला हवं. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे मुंबईचा १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा इकडे आलाच नाही. इथे हैदराबादचा १९५४ चा कायदा चालायचा, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावरही तोच चालू राहिला. विदर्भाचा तिसराच! ३१ मार्च २००० ला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू झाला आणि सगळं राज्य एका नियमाखाली आलं. त्याच्या कलम १६ नुसार भाडेकरूचं वर्तन शेजाऱ्यांना उपद्रव देणारं असेल तर मालक जागा परत मागू शकतो. शब्द बघा, 'वर्तन'. तो कोण आहे हे नाही, तो काय करतो हे.

पण इथेच आमची गाडी अडते. भाडेकरूनं शेजाऱ्याला छळलं तर मालकाच्या हातात हत्यार आहे. शेजाऱ्यानं भाडेकरूला छळलं तर?

हा प्रश्न १८५६ मध्ये इंग्लंडच्या कोर्टांपुढे दोनदा आला. एका प्रकरणात रेल्वे कंपनीच्या शेडमधली हातोड्यांची ठोकठोक, दुसऱ्यात शेजारच्या धुराड्याचा धूर. दोन्हीकडे घरमालकांचं म्हणणं एकच होतं, आमचे भाडेकरू निघून चाललेत. दोन्हीकडे मालक हरले. कोर्टाचा विचार असा: आवाज आणि धूर उद्या थांबू शकतो, घराला कायमची इजा नाही. मग आज त्रास कुणाला? तिथे राहणाऱ्याला. दावा लावायचा तर त्यानं लावावा. हे तत्त्व पुढे आपल्याकडच्या कायद्यातही आलं.

आता गंमत बघा. आपला करार अकरा महिन्यांचा आणि दिवाणी दावा चालतो वर्षानुवर्षं. ज्याला त्रास आहे त्याला वेळ नाही, आणि ज्याच्याकडे वेळ आहे त्याला त्रास ऐकूच येत नाही! भाडेकरू शहाणा असतो, तो दुसरं घर बघतो.

जुन्या वाड्यात हा घोळ नव्हता, कारण मालक बहुधा त्याच वाड्यात राहायचा. रात्रीचा गोंधळ त्यालाही ऐकू जायचा. मालकी आणि कान एकाच जागी होते. आपण नोकरीसाठी पुण्या-बंगलोरला आलो आणि ते दोन वेगळे झाले.

सुदैवानं एक फट आहे. आपण हल्ली करतो तो 'लीव्ह अँड लायसन्स' करार. त्यात राहायची परवानगी दिलेली असते, पण कायद्याच्या नजरेत ताबा मालकाकडेच राहतो. म्हणजे १८५६ चा अडसर इथे बराच कमी होतो आणि मालक स्वतःच्या नावानं उभा राहू शकतो. पण पुरावा? तो भाडेकरूकडे. तारीख, वेळ, रेकॉर्डिंग, साक्ष. एकाकडे कागद, दुसऱ्याकडे कान. दोघांनी मिळूनच जायला हवं.

आणि दरवेळी कोर्टात जायचीही गरज नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे. आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त वर गेला तर कुणीही तक्रार करू शकतो, घर नावावर असावं लागत नाही. सार्वजनिक उपद्रवाला १८६० च्या दंडविधानात २०० रुपयांपर्यंत दंड होता. तो २०२४ पर्यंत तसाच राहिला, आता भारतीय न्याय संहितेत १००० रुपयांपर्यंत आहे. रक्कम हास्यास्पद, पण तक्रारीची नोंद होते, आणि पुढे कोर्टात जायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते.

रहिवासी एकत्र आले तर काय होतं, त्याचं उदाहरण मध्य प्रदेशातलं रतलाम. उघड्या गटारांनी त्रासलेल्या एका वॉर्डातल्या लोकांनी थेट नगरपालिकेविरुद्ध मॅजिस्ट्रेटकडे तक्रार केली. नगरपालिका 'पैसे नाहीत' म्हणत सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९८० मध्ये हरली.

आम्ही आता नव्या भाडेकरूंना घर दाखवतानाच शेजाऱ्याबद्दल स्पष्ट सांगतो. त्रासामुळे मुदतीआधी जावं लागलं तर डिपॉझिट पूर्ण परत, हे करारात लिहिलंय. तक्रारीवर त्यांच्याबरोबर माझीही सही असते. गल्लीतल्या आणखी तीन घरांनाही तोच त्रास होता, त्यांच्याशी मी स्वतः जाऊन बोललो. दोघांनी सह्या केल्या. तिसरे काका म्हणाले, 'तुम्ही पुण्याला निघून जाल, आम्हाला इथंच राहायचंय.'

त्यांचं खरंच आहे. म्हणून आता महिन्यातून एक शनिवार तिकडे काढतोय.