पन्नास हजारांचा चिखल

मुंबईतल्या १८६५ सालच्या ‘शेअर मॅनिया’वर आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे. सूर बहुधा एकच असतो: कंपन्या बोगस होत्या, लोकांना भूल पडली, सारे बुडाले. बोगस कंपन्या होत्या, यात शंकाच नाही. पण त्या साऱ्यांत जी सर्वाधिक गाजली, त्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीला बोगस म्हणणे मला कधी पटलेले नाही. तिची कल्पना पक्की होती. चुकला होता तो भाव.

पार्श्वभूमी सर्वांना ठाऊक आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतली बंदरे अडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापसासाठी मुंबईकडे वळावे लागले. एरवीच्या किमतीपेक्षा सुमारे ८ कोटी पौंड जास्तीचे शहरात आले, असा हिशेब सांगितला जातो. एवढा पैसा ठेवायचा कुठे? टाउन हॉलसमोर वडाखाली जमणारे साठेक दलाल बघता बघता दोन-अडीचशे झाले. प्रेमचंद रायचंद यांचा शब्द म्हणजे भाव, अशी स्थिती आली.

बॅकबेचा उद्देश मुंबईच्या पश्चिम किनाऱ्याला समुद्र हटवून जमीन काढण्याचा. बेटावर जागेची टंचाई तेव्हाही होती. ५,००० रुपये भरलेल्या या शेअरचा भाव ५०,००० पर्यंत चढला.

इथे जरा थांबून साधे त्रैराशिक मांडू. समजा, कंपनीने मूळ भांडवलावर वर्षाला दहा टक्के कमावले आणि सगळे वाटून टाकले. एका शेअरमागे ५०० रुपये. ज्याने ५,००० भरले त्याला दहा टक्के मिळाले; ज्याने ५०,००० मोजले त्याला एक टक्का. कंपनी एकच, जमीन एकच, भरतीओहोटीही तीच. दुसऱ्याच्या वाट्याचे नऊ टक्के कोणी चोरले नाहीत; खरेदीच्या दिवशी त्याने ते आपल्या हाताने विकणाऱ्याला दिले. आता त्याला फायदा व्हायचा तर ६०,००० देणारा तिसरा हवा. तो मिळेपर्यंत सगळे शहाणेच असतात.

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आला. बातमी मुंबईत पोचली, कापूस कोसळला, आणि १ जुलैला वायद्यांचे हिशेब चुकते करायची वेळ आली तेव्हा देणेकऱ्यांकडे देण्यासारखे काही उरले नव्हते. बॅकबेचा शेअर दोन हजारांच्याही खाली गेला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० वरून ८७ वर आला. शेअर तारण ठेवून कर्जे दिली होती, आणि तारणाची किंमत त्याच चढ्या भावाने धरली होती. म्हणजे ज्याने शेअर घेतलेच नाहीत, नुसती ठेव ठेवली, त्याच्याही झोपेला महाग भावाची झळ लागली. प्रेमचंदही बुडाले. त्यांच्या आधीच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मात्र आजही वेळ सांगतो.

कंपनी गुंडाळली गेली, निघालेली जमीन सरकारकडे गेली. पण समुद्र हटवायची कल्पना मेली नाही. १९२० नंतर गव्हर्नर लॉइड यांच्या काळात सरकारने तीच खाडी पुन्हा भरायला घेतली. तेव्हाही खर्च फुगला, कामात घोटाळे झाले आणि खुर्शेद नरिमन यांनी ते चव्हाट्यावर आणले. पुढे मरीन ड्राइव्ह झाला, त्याच्या टोकाला आणखी भर पडली, आणि १९९० च्या दशकात तिथल्या कचेऱ्यांच्या जागा जगातल्या सर्वांत महागड्या जागांत गणल्या गेल्या. १८६४ चे स्वप्न शब्दशः खरे ठरले. फक्त तेव्हाच्या भागधारकाच्या पदरात त्यातला एक आणाही पडला नाही.

त्या टोकाला आज नरिमन पॉइंट म्हणतात. भरावाचे वाभाडे काढणाऱ्याचेच नाव भरावाला मिळाले.